उपग्रह हवाच, पण विळाही हवा

गेल्या काही खरिपांपासून पीकविम्याचा विषय निघाला की एकच भांडण सुरू होते. एक बाजू म्हणते, पीक कापणी प्रयोग, म्हणजे निवडक शेतांतला तुकडा कापून-तोलून भरपाईसाठी उत्पादन काढण्याची रीत, हा कागदावरचा खेळ झाला आहे, तो बंद करा आणि उत्पादन उपग्रहावरून काढा. उपग्रहाला जात नाही, पक्ष नाही आणि त्याचा खिसाही कुणाला गरम करता येत नाही. दुसरी बाजू म्हणते, आठशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या यंत्राला आमच्या शेंगेतला दाणा काय दिसणार, हे सगळे विमा कंपन्यांचे काम आहे, ते हाणून पाडा. दोन्हीकडे तळमळ आहे आणि दोन्हीकडे थोडे खरेही आहे. पण 'यंत्र की माणूस' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. विचारायला हवे ते वेगळे: यंत्र सल्ला देते आहे की निवाडा? सल्ला चुकला तर शेतकरी बांधावर जाऊन पाहतो आणि तो बाजूला ठेवतो. निवाडा चुकला तर त्याने कुठे जायचे? माझे म्हणणे असे की सुदूर संवेदनाने, म्हणजे उपग्रहासारख्या यंत्राने दुरून केलेल्या पाहणीने, सल्ला कितीही द्यावा. भरपाईचा निवाडा मात्र त्याने तेव्हाच द्यावा, जेव्हा त्या आकड्याला शेतात उभे राहून, विळ्याने कापून आणि काट्यावर तोलून आव्हान देता येईल. म्हणून कापणी प्रयोग मोडीत काढणे ही मला सुधारणा वाटत नाही. तो पुराव्याचा त्याग आहे.

मी लातूर जिल्ह्यातला आहे, घरी सोयाबीन आहे, आणि पोट संख्याशास्त्र शिकवण्यावर आहे. त्यामुळे या भांडणाच्या दोन्ही बाजूंना माझी माणसे आहेत. कापणी प्रयोग मी लहानपणापासून पाहत आलो. यादृच्छिक आकड्यांवरून गट नंबर निघतो, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबीकडे आणि रुंदीकडे किती पावले चालायचे तेही आकड्यांवरूनच ठरते. तिथे खुंट्या ठोकतात, सुतळी ताणतात, आतले पीक कापून, मळून, वाळवून तोलतात. शेताचा मालक, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक किंवा तलाठी, आणि विमा कंपनीचा माणूस असे सगळे हजर असावे लागतात. चौकोन कुठे पडेल हे माणसाच्या मनावर ठेवायचे नाही, एवढ्यासाठी ही सगळी रीत आहे. रीत उत्तम आहे. तिचे आज काय झाले आहे, हे नाकारण्यात मात्र अर्थ नाही.

उपग्रहवाल्यांचा सगळ्यांत बळकट मुद्दा तोच आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. अनेक ठिकाणी प्रयोग शेतात होतच नाही, टेबलावर होतो. एकाच कर्मचाऱ्याच्या गळ्यात पेरणीच्या नोंदी, योजनांचे अर्ज, पंचनामे आणि वर डझनभर प्रयोग बांधलेले असतात. सोयाबीनची काढणी सगळीकडे त्याच आठ-पंधरा दिवसांत येते. चौकोन चांगल्या पिकात सरकावा असे कंपनीच्या माणसाला वाटते, वाईटात सरकावा असे गावाला वाटते, आणि सुतळी धरणारा या दोघांच्या मध्ये उभा असतो. आमच्या शेजारच्या शिवारात एकदा प्रयोगाच्या दिवशी कुणी आलेच नाही. पुढे विमा आला नाही म्हणून चौकशी केली तेव्हा त्या गटाचे वजन कागदावर किलो-ग्रॅमपर्यंत लिहिलेले निघाले. असा आकडा हातात घेऊन कुणी 'यापेक्षा उपग्रह बरा' म्हणाले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

प्रयोगांची संख्याही तोकडी आहे. महाराष्ट्रात मुख्य पिकांसाठी विम्याचा घटक म्हणजे महसूल मंडळ. एका मंडळात साधारण वीसेक गावे असतात आणि त्यांचा निकाल दहा-बारा चौकोनांवर लागतो. ओढ्याच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ हे मराठवाड्यात नवल नाही. त्या दहा-बारा चौकोनांत पलीकडचे एकही गाव आले नाही, तर ते गाव हिशेबातून गेलेच. याउलट सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या जोडीतला एक तरी दर पाच दिवसांनी वरून जातो, त्यांची चित्रे फुकट मिळतात, आणि त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटरचा असतो. आपला गुंठा एकशे एक चौरस मीटरचा. म्हणजे प्रत्येक एकराचे चाळीस ठिपके, गुंठ्यागणिक एक, पाच-पाच दिवसांनी. एवढी बारीक पाहणी कोणत्याही तलाठ्याकडून कधी झाली नाही, होणारही नाही.

आकाशातून दिसते ते खरोखर दिसते, हेही मान्य करायला हवे. भारतात सुदूर संवेदनाची सुरुवातच एका शेतीच्या प्रश्नावर झाली. १९७० मध्ये प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी केरळात नारळाच्या मूळकुजव्या रोगाचा माग हेलिकॉप्टरमधून काढला, तो अवरक्त किरणांना संवेदनशील अशा फिल्मवर फोटो घेऊन. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. पान आजारी पडले की हे गणित डोळ्यांना कळण्याच्या आधी बिघडते. हरितपणाचा जो निर्देशांक, एनडीव्हीआय, आज सगळीकडे वापरतात तो याच फरकावर उभा आहे. १९८८ मध्ये आयआरएस-१ए अवकाशात गेला तेव्हापासून आपल्या देशाने हे शास्त्र स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या माणसांनी वाढवले. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आपल्याच राज्याचे आहे. 'उपग्रहाला काय कळते' असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पुसू नये. एक रुपयातल्या विम्याच्या काळात पीक नसलेल्या जमिनीवर, सरकारी आणि देवस्थानांच्या जमिनीवरही बोगस अर्ज भरले गेले. ते पकडायला याच्याइतके चोख साधन दुसरे नव्हते. इथे पीक उभे आहे की नाही, या प्रश्नाला उपग्रह चांगले उत्तर देतो.

पण विम्यात प्रश्न पीक आहे की नाही हा नसतो. दाणा किती भरला, हा असतो. आणि इथून वाट निसरडी होते. उत्पादन काढण्याची जी पद्धत आज सर्वाधिक वापरली जाते तिचा सांगाडा सोपा आहे: पिकावर प्रकाश किती पडला, त्यातला किती पानांनी घेतला, त्यातून किती वस्तुमान बनले, पाणी आणि तापमान यांच्या ताणामुळे त्यात किती तूट आली. इथवर आकाशातून आणि हवामानाच्या नोंदींवरून बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. शेवटी मात्र त्या एकूण वस्तुमानाला एका गुणकाने गुणावे लागते, तो म्हणजे पाला, काड आणि दाणा मिळून जे वजन होते त्यात दाण्याचा वाटा किती. हा गुणक उपग्रहाला दिसत नाही. तो आधीच्या प्रयोगांवरून ठरवून मॉडेलमध्ये घातलेला असतो.

सोयाबीन उत्पादकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भाद्रपदात पाऊस उघडला नाही तर 'झाड माजलं, पण शेंग धरली नाही' असे तो सांगतो. कमरेएवढे हिरवेगार पीक, आणि शेंगेत एक दाणा, तोही चपटा. किंवा ऐन फुलोऱ्यात पाऊस ओढ देतो, फुले गळतात, मग पाऊस येतो, पान पुन्हा तरारते, गळलेले फूल परत येत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. त्याच हंगामात विदर्भात पुढे पिवळ्या मोझॅकने उभी शेते पिवळी केली. पिवळेपणा उपग्रहाने पकडला असेल, मान्य. पण हिरवेपणाच्या आड दडलेली पोकळ शेंग? पानांचे छत्र एकदा दाट झाले की हरितपणाचा निर्देशांक वर चढायचा थांबतो. सहा क्विंटलचे आणि दहा क्विंटलचे शेत त्याला सारखेच दिसू शकते. त्यात सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ असेल तर सोयाबीन वाळत असताना तूर भर हिरवी असते आणि त्या गुंठ्याचा ठिपका दोघांची सरासरी सांगतो. आणि ढग तर आहेतच. जुलै-ऑगस्टमध्ये दर पाच दिवसांनी उपग्रह वरून जातो हे खरे, पण खाली दिसतो तो बहुतेक वेळा ढगाचा माथा.

यावर जाणकार दोन उत्तरे देतात, दोन्ही वजनदार आहेत. पहिले: ढगांवर उपाय आहे, रडार. ते ढगाच्या आरपार पाहते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो आणि नासाचा निसार तर दर बारा दिवसांनी जमिनीचे रडारचित्र देण्यासाठीच बनवला आहे. हे मी आनंदाने मान्य करतो. पुराचे पाणी कुठवर आले हे दाखवण्यात रडारचा हात कुणी धरू शकत नाही. पण रडार पिकाची ठेवण आणि ओल सांगते. दाणा तिथेही गुणकानेच येतो. दुसरे उत्तर अधिक खोल आहे: एका गुंठ्याचा अंदाज चुकेल, पण मंडळात लाखो गुंठे असतात, काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी, बेरजेत चुका एकमेकींना खातात. मग सरासरी बरोबर येणारच ना?

येईल, चुका दोन्ही दिशांना विखुरलेल्या असतील तर. सगळ्या चुका एकाच दिशेच्या असतील तर लाखोंची बेरीजही तेवढीच चुकते, उलट संख्या मोठी म्हणून खात्री खोटी वाढते. ही गोष्ट आपल्याला कुणी परदेशातून शिकवण्याची गरज नाही. ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात, याच कापणी प्रयोगांवरून, जगाला दाखवून दिली आहे. एका बाजूला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते. बंगालमधल्या त्यांच्या पाहण्यांत लहान आकाराचे पुष्कळ तुकडे कापले जात. तुकडा लहान असला की खर्च कमी आणि जास्त ठिकाणी पोचता येते. तर्क बिनतोड होता. सुखात्मे यांनी लहान आणि मोठे तुकडे शेजारी शेजारी कापून तोलले, तेव्हा लहान तुकड्यांतून उत्पादन जास्त येते असे दिसले. कारण साधे होते. सीमेवरचे रोप आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, असा प्रश्न आला की माणसाचा हात ते आत घेतो. एका रोपाने काय होते? पण तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने सीमा मोठी, आणि ही चूक प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूला. तुकडे दुप्पट केले तरी ती अर्धी होत नाही. १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडले, आणि पुढे देशाने मोठ्या तुकड्यांची पद्धत स्वीकारली.

त्या वादात महालनोबिस अडाणी होते आणि सुखात्मे शहाणे, असे मुळीच नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की लहान तुकड्याची चूक कळली, कारण शेजारी मोठा तुकडा कापून तोललेला होता. तो नसता तर लहान तुकड्यांच्या हजारो आकड्यांतून, कितीही हुशार गणित करून, ती कधीच बाहेर आली नसती. आज उपग्रहाच्या ठिपक्याशेजारचा तो मोठा तुकडा कोणता? कापणी प्रयोगच. तोच काढून टाकला तर मॉडेल चुकते आहे हे कळणार कशावरून?

आणि चुकीची दिशा कोणती असेल याचा विचार करा. बऱ्या वर्षात हिरवेपणा आणि दाणा बरोबरीने चालतात, मॉडेल छान जुळते. ते फसते ते अवेळी पावसाच्या, रोगाच्या, पोकळ शेंगेच्या वर्षी, म्हणजे नेमके नुकसानीच्या वर्षी. आणि तेव्हा ते पीक आहे त्याहून बरे दाखवते. पंचवीस वर्षांच्या सरासरीत अचूक ठरणारे साधन ज्या दोन-तीन वर्षांसाठी विमा काढतात त्याच वर्षी शेतकऱ्याच्या विरुद्ध झुकत असेल, तर त्याच्या अचूकतेचा आकडा कुणाच्या कामाचा?

रुपयांत बघू. समजा, मंडळाचे उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली पीक गेले की भरपाई सुरू होते तो आकडा, हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि विमा संरक्षित रक्कम ५० हजार रुपये. प्रत्यक्षात ९ क्विंटल झाले तर तूट २५ टक्के, भरपाई १२,५०० रुपये. मॉडेलने ९ ऐवजी ११ सांगितले तर तूट आठ टक्क्यांच्या आसपास, भरपाई ४,१६६. दोन्हींना निम्मे निम्मे वजन दिले तर उत्पादन १० धरले जाते आणि हातात ८,३३३ येतात. दोन क्विंटलची चूक शोधनिबंधातल्या आलेखावर एका ठिपक्याएवढी असते. घरात ती रब्बीच्या बियाणे-खताएवढी असते. केंद्राच्या 'यस-टेक' योजनेने २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के भार देणे ठरवले, २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनही त्यात आले. मध्य प्रदेश तर शंभर टक्के तंत्रज्ञानावर गेला. आणि आपल्या राज्याने २०२५ च्या खरिपापासून स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान असे भरपाईचे वेगळे आधार काढून टाकून सगळा भार उत्पादनाच्या आकड्यावर ठेवला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले, जमिनी खरडून गेल्या. कापून रचलेली सोयाबीनची गंजी, आमच्याकडे तिला बनीम म्हणतात, तिला कोंब फुटतात, तेव्हा ते कोणत्याही चित्रात दिसत नाहीत. चित्रात ते शेत वेळेवर काढलेले असते.

'मॉडेल शास्त्रीय आहे, त्यावर भरवसा ठेवा' असे जे म्हणतात त्यांनी पुणे जिल्ह्याच्या महसुलाचा इतिहास चाळावा. पेशवाई गेल्यावर दहाएक वर्षांत प्रिंगल नावाच्या असिस्टंट कलेक्टरने त्या काळच्या सर्वांत पुढारलेल्या अर्थशास्त्रानुसार जमीनमोजणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न, त्यातून लागवडीचा खर्च वजा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असेल? पण खालचे आकडे कच्चे होते, गोळा करणाऱ्यांनी पैसे खाऊन ते फिरवले होते, आणि सूत्र इतके गुंतागुंतीचे की गावातल्या कुणालाही ते तपासता येईना. सारा भरता येईना म्हणून लोकांनी जमिनी सोडल्या. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि पाठोपाठ विंगेट यांना सगळे नव्याने करावे लागले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणितच सोडले. जमीन खणून मातीची खोली पाहायची, चुनखडी, वाळू, उतार असे दोष मोजायचे, आणि आण्यांत प्रत ठरवायची, अशी पद्धत बसवली. ती परकी राजवटच होती, सारा वसूल करण्यासाठीच सगळे चालले होते, त्यांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण त्यांची प्रतवारी टिकली, कारण आपल्या वावरात किती हात खोल माती आहे यावर कुणबी भांडू शकत होता. प्रिंगलच्या सूत्राशी भांडायला त्याला जागाच नव्हती.

त्याच इंदापुरात १८६७ मध्ये दर फेरमोजले गेले ते अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेल्या तेजीनंतर. तेजी ओसरली, चढे दर राहिले, आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध जे दंगे पेटले त्यांच्या अनेक कारणांत हेही एक होते. पायाची वर्षे कोणती धरली यावर पुढची सगळी वर्षे ठरतात. आज उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाचांच्या सरासरीला जोखीम स्तराने, म्हणजे त्यातला जितका हिस्सा विमा राखतो त्या टक्केवारीने, गुणून काढतात, आणि आपल्याकडे तो स्तर ७० टक्के आहे. उद्या या सातांत चार वर्षे विळ्याची आणि तीन उपग्रहाची असतील. दोन वेगळ्या मापांनी मोजलेली वर्षे एका सरासरीत घालायची असतील, तर दोन्ही मापे निदान काही काळ शेजारी शेजारी चालवून त्यांतला फरक कळायला नको का?

'प्रयोगच भ्रष्ट आहेत, मग त्यांना कसोटी कसे मानायचे' हा आक्षेप उरतो. तो गंभीर आहे, पण तो मॉडेलवरच उलटतो. मॉडेलमधला गुणक, त्याची घडण आणि त्याची परीक्षा, सगळे जुन्या कापणी प्रयोगांवरच होते. ज्या वजनांना खोटी म्हणून आपण फेकून देतो आहोत, त्यांनीच यंत्राला शिकवले आहे. टेबलावरचा आकडा यंत्रातून फिरून आला की खरा होतो का? उलट त्याच्यावर आता कुणाची सही नसते. कृषी सहायकाविरुद्ध तक्रार करता येते, त्याला ग्रामसभेत उभे करता येते. गुणकाला कुठे उभे करणार? शिवाय पीक स्वतः बदलत असते. एके काळी सगळीकडे जेएस-३३५ हे वाण होते; आता राहुरी विद्यापीठाचे फुले संगम आहे, त्याची वाढ वेगळी, कालावधी वेगळा. रुंद सरी-वरंब्यावरच्या पेरणीत ओळींमधली जागा वेगळी. दर दोन-तीन वर्षांनी नव्या वजनांनी दुरुस्त न केलेले मॉडेल हे जुन्या शेताचे चित्र असते. मध्य प्रदेशात प्रयोगच नसतील तर पाच वर्षांनी तिथले मॉडेल कशाने दुरुस्त करणार, याचे उत्तर मला कुठे मिळालेले नाही.

मग करायचे काय? उपग्रहाने आधी जागा दाखवावी. मंडळातले पीक हिरवेपणानुसार चांगले, मध्यम आणि वाईट अशा पट्ट्यांत वाटावे, आणि प्रत्येक पट्ट्यातून यादृच्छिक गट निवडून कापणी करावी. असे केले की बारा प्रयोग आज जितके सांगतात त्याहून पुष्कळ जास्त सांगतील, आणि ओढ्यापलीकडचे गाव सुटणार नाही. काही प्रयोगांची वजने मॉडेल बनवणाऱ्या संस्थेपासून आणि कंपनीपासून लपवून ठेवावीत, मॉडेलचा अंदाज आधी मोहोरबंद घ्यावा आणि मग ती उघडावीत. परीक्षा याला म्हणतात. अंदाज आणि वजन यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा अंतर पडले तर गावासमोर तिसरी कापणी व्हावी, आणि तीही शक्य नसेल तर संशयाचा फायदा हप्ता भरणाऱ्याला मिळावा.

माणसे कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. पण राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी एरवीही खेड्यात राहतात. अचूक सुतळी ताणणे आणि अचूक तोलणे हे त्या अभ्यासक्रमाचे गुणांकित काम का असू नये? सुखात्मे यांच्या वादाचे मर्म ज्याने स्वतः गुडघ्यावर बसून सीमेवरचे रोप आत की बाहेर ठरवले त्यालाच पुरते कळते. तोच मुलगा पुढे प्रयोगशाळेत बसून मॉडेल लिहील तेव्हा ते वेगळे असेल.

हे स्वप्नरंजन नाही, कारण याच्या जवळपासचे आपल्याकडे घडले आहे. दुष्काळ ठरवण्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमावलीत पाऊस, हिरवेपणा आणि जमिनीतली ओल यांचे निर्देशांक आधी पाहतात, आणि मग निवडक गावांत प्रत्यक्ष पिकाची पाहणी करावी लागते. पन्नास पैशांच्या पैसेवारीवर सगळे ठरायचे त्यापेक्षा ही वाट चांगली आहे. तरीही २०२३ मध्ये आधी फक्त ४० तालुके दुष्काळी ठरले आणि काही दिवसांतच पावसाच्या तुटीवरून एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. निर्देशांकांच्या जाळीतून काय निसटते, ते लोकांनी आवाज केल्यावरच दिसले. हिवरे बाजारची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे दर पावसाळ्यानंतर ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते: पाऊस किती पडला, किती मुरला, किती उरला, आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे. शास्त्राच्या भाषेत ते पर्यावरणीय मॉडेलच आहे. पण पर्जन्यमापक गावाचा आहे, विहिरींची पातळी गावाने पाहिलेली आहे, म्हणून 'यंदा पाणी कमी आहे, जास्त पाण्याचे पीक नको' हा कठोर निकालही गाव ऐकते.

अचूक शेतीच्या संशोधनाला माझा विरोध वाचणाऱ्याने इथे शोधू नये. बारामतीत उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे प्रयोग चालले आहेत, ओल मोजणारे संवेदक, उपग्रहचित्रांवरून पाणी-खताचा सल्ला, ते वाढावेत असे मनापासून वाटते. तिथे सल्ला पटला नाही तर शेतकरी उसात शिरून मातीची मूठ दाबून पाहतो. पीकविम्यात त्याला तीच मूठ दाबून पाहण्याची मुभा हवी आहे. त्याची सुरुवात अगदी लहान गोष्टीने करता येईल, तीही नव्या खर्चाशिवाय: मागच्या तीन खरिपांचे, सोयाबीन आणि भाताचे, प्रत्येक महसूल मंडळाचे दोन्ही आकडे, विळ्याने आलेला आणि उपग्रहाने आलेला, राज्य सरकारने शेजारी शेजारी छापावेत आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. कोणत्या मंडळात किती फरक आहे आणि तो कोणत्या बाजूला झुकतो, ते मग गावाचा गाव वाचेल.